समक्ष पाहणी केली

४ नोव्हेंबर

गावात येऊन गेलीस, त्या बॉयलरला हात लावून गेलीस, आणि घराचा उंबरा काही ओलांडला नाहीस. लाँड्री आणि आपलं घर यांच्यामध्ये आहे काय? एक शाळा, एक पिठाची गिरणी आणि एक उगाच भुंकणारं कुत्रं. तेवढं चालायला पाय मोडले होते का? लोखंडाची विचारपूस करायला तुला वेळ आहे, आजीच्या हाडांची करायला नाही. झालं. हे पोटात ठेवून लिहायला बसले असते तर अक्षर वाकडं आलं असतं, म्हणून आधी ओकून टाकलं. आता रीतीनं लिहिते.

चि. बोरूस आजीचे अ. उ. आशीर्वाद. इकडचं क्षेम. तिकडचं कळत नाही, कारण मागच्या पत्रात तू लिहिलंस की माझी प्रकृती समाधानकारक असल्याचे कळविण्यात येत आहे. मी तुझी आजी आहे बाई, अर्जदार नाही. काडीसारखी होतीस आणि बोटं सदा शाईनं बरबटलेली, म्हणून तुला बोरू नाव पडलं. तीच बोटं आता कचेरीत पंख्याखाली खर्डेघाशी करतात, हे मी गल्लीत कुणी न विचारता सांगते. खर्डेघाशीला नावं ठेवणारे ठेवोत. पाठ भाजत नाही आणि पाय सुजत नाहीत, एवढं ज्या कामात आहे ते काम चांगलं.

आता तुझ्या आईचं ऐक. ती ज्या लाँड्रीत दवाखान्यांच्या चादरी इस्त्रीच्या रुळांतून काढते, तिथला तो वाफ करणारा बॉयलर गेले कित्येक दिवस अंगात आल्यासारखा हलत होता. मागची भिंत थरथरायची. बॉयलर सांभाळणारा वाफेमामा म्हणाला, आतलं काहीतरी खाल्लं गेलंय, हा आता पेटवायचा नाही. तो हाताची घडी घालून फाटकात उभा राहिला आणि बायकाही त्याच्या मागं जाऊन बसल्या. तुझी आईसुद्धा. मग मालकानं काचेच्या चौकटीतला एक कागद आणून बॉयलरच्या खोलीच्या भिंतीवर ठोकला. तुझी आई चष्मा पुसून पुढं झाली, आणि वाचता वाचता तिथंच रडायला लागली. अक्षर तुझं. तो तुझा ळ, अंगाचं वेटोळं करून झोपलेल्या मांजरासारखा, तो काही लपत नाही. समक्ष पाहणी केली, बॉयलर सुस्थितीत आहे, वापरण्यास हरकत नाही. खाली शिक्का.

तिनं बायकांना सांगितलं की ज्या पोरीचं बोट धरून मी पाटीवर गिरवून घेतलं, तिनं हे लिहिलंय, आणि माझी पोर खोटं लिहीत नाही. बायका उठल्या आणि आत गेल्या. वाफेमामा एकटाच फाटकात राहिला. मालकानं सूनबाईला रुळांवरची मुख्य केलं. ती आता घरात पदर सावरते तोही मुख्य असल्यासारखा सावरते. मला हसू येतं, पण मी हसत नाही, कारण तुझा बाप गेल्यापासून ती पहिल्यांदाच मान वर करून चालते आहे.

पुढच्या खेपेला लोखंड बघायला आलीस तर म्हातारीलाही बघून जा. शिक्का नाही मारलास तरी चालेल. आशीर्वाद आहेतच, ते काही कागदावर अडलेले नाहीत.

तुझी आजी

९ नोव्हेंबर

ती. आजीस बोरूचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले. मग पुन्हा वाचलं आणि हसू गेलं. आजी, मी गावात आले नव्हते. येऊन घरी न आल्याचा आळ तेवढा माझ्यावरून काढ.

आमच्याकडची रीत अशी आहे. तपासनीस ठिकठिकाणी जातात, बॉयलर बघतात आणि चिठोऱ्यावर काहीबाही खरडून आणतात. त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडी शाईत पाय बुडवून चालल्यासारखं. म्हणून भिंतीवर लावायचा कागद मी लिहिते, कारण माझं अक्षर नीट आहे. समक्ष पाहणी केली असं लिहिते मी, पण केलेली असते त्यांनी. आम्ही टेबलांवरची माणसं नुसते कागदी घोडे नाचवतो. एक इकडून आला की तिकडे हाकायचा. हेडक्लार्क पहिल्याच दिवशी म्हणाले होते की बाई, इथं डोळे आणि हात वापरायचे, मधलं काही वापरायचं नाही. सगळे हसले, मीही हसले.

तुला दोन कामं सांगते. बॉयलरच्या अंगावर एक पितळी पट्टी असते आणि तिच्यावर आकडे ठोकलेले असतात. आमच्या कागदावर कारखान्याचं नाव नसतं, तेच आकडे असतात. ते उतरवून पाठव. अगदी सहज, मला उत्सुकता आहे म्हणून.

दुसरं असं की आईला थोडे दिवस घरी ठेव. तू आजारी पड. आईला खरं वाटेल असं कण्ह. का, ते मात्र तिला सांगू नकोस. मला वाटतं तिला विश्रांती हवी आहे, बाकी काही नाही.

भिंत अजून थरथरते का, तेही लिही. आणि वाफेमामा काय म्हणाला होता, नेमकं कोणत्या शब्दांत म्हणाला, ते आठवून लिही. इकडे मी खुशाल आहे. या वेळी हे आजीला लिहिते आहे, कचेरीला नाही. माया आहे तशीच असू दे.

तुझी,
बोरू

१४ नोव्हेंबर

चि. बोरूस आजीचे अ. उ. आशीर्वाद.

तुझ्या हुकमाप्रमाणे आजारी पडले. अशी कण्हले की शेजारीण धावत आली आणि माझ्या उशाशी बसून तिच्या मेलेल्या नातेवाइकांची यादी म्हणू लागली. तुझ्या आईनं कपाळावर ओली घडी ठेवली, शेजारणीला बसवलं आणि गेली कामावर. ती म्हणते, मी गेले नाही तर बायका पुन्हा बिचकतील, सगळ्या माझ्या तोंडाकडं बघून आत येतात. मग मी मरायचं सोडून उठले आणि तिचा विसरलेला डबा घेऊन लाँड्रीत गेले.

आता डोळ्यांनी पाहिलेलं लिहिते. भिंत थरथरते. बाकावर पेला ठेवला तर आपोआप सरकत जातो. वाफेमामाला काढून टाकलं. मालकानं त्याला तुझ्या कागदापुढं उभं केलं आणि विचारलं की तू शहाणा की सरकार शहाणं. तो म्हणाला, मी शहाणा नाही, पण मी रोज त्याच्या शेजारी उभा असतो. तेवढ्यावर घरी गेला. आधी काय म्हणाला होता ते तू विचारलंस. तो म्हणाला होता की आतून पत्रा खाल्ला गेलाय, बाहेरून रंग आहे म्हणून कळत नाही.

त्याच्या जागी मालकाचा मेहुणा आलाय. कालपर्यंत छत्र्या दुरुस्त करत होता. बॉयलरवर एक झडप असते, वाफ फार झाली की ती शिट्टी मारून जास्तीची वाफ सोडून देते. ह्या छत्रीवाल्याला त्या शिट्टीनं डोकं दुखतं, म्हणून त्यानं झडपेच्या दांड्याला लोखंडाचा तुकडा बांधून टाकलाय. आता अगदी शांत असतं, असं मला कौतुकानं सांगितलं. मी तिसरीपर्यंत शिकले, पण पातेल्यावरचं झाकण उडतंय म्हणून वर पाटा ठेवला तर काय होतं ते पहिलीच्या आधीच शिकले होते. आणि त्या खोलीच्या अलीकडच्या भिंतीला पाठ लावून तुझी आई दिवसभर उभी असते.

पट्टीवरचे आकडे कागदाच्या पाठीवर काढले आहेत. छत्रीवाल्यानं विचारलं की आजी काय करता, तेव्हा म्हटलं, नात सरकारात आहे, तिच्यासाठी चित्र काढते.

आता सरळ विचारते. त्या तपासनिसानं तरी हा बॉयलर पाहिला का? तुझं पत्र मी तीनदा वाचलं. आईला घरी बसव पण का ते सांगू नकोस, असं ज्याला भीती वाटत नाही तो माणूस लिहीत नाही. माझ्याशी झाकली मूठ नको. उघड, आत काय आहे ते बघू.

मी मरणार नव्हते, हे शेजारणीला आवडलेलं नाही. माझी मर्जी तुझ्यावर अजून आहे, ती पुढच्या पत्रावर राहील.

आजी

१८ नोव्हेंबर

ती. आजीस सा. न. वि. वि.

आकडे जुळले. तो कागद आमच्याच कचेरीतला, मीच लिहिलेला.

कुणीही पाहिलेला नाही आजी. तपासनीस गेल्या वर्षीपासून कुठंच जात नाहीत. उंटावरून शेळ्या हाकाव्या तसं खुर्चीवर बसून सगळ्या गावांचे बॉयलर तपासतात. चिठोरी येणं कधी बंद झालं ते माझ्या ध्यानातही आलं नाही. हेडक्लार्क जुन्या वर्षाच्या नकलांचा गठ्ठा टेबलावर ठेवतात आणि म्हणतात की तारीख तेवढी नवी घाला. मी घालते. तुमच्या बॉयलरचा कागद त्यांपैकीच एका गठ्ठ्यातला. ती दुपार मला आठवते. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण तिच्या भावजयीच्या तऱ्हा सांगत होती, मी हसत होते आणि हात चालत होता. समक्ष पाहणी केली, समक्ष पाहणी केली. संध्याकाळी हेडक्लार्कनं शाबासकी दिली की एकही खाडाखोड नाही.

तुझं पत्र आलं तशी मी त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं की तो एक कागद परत घ्या. ते म्हणाले, बाहेर गेलेला कागद दुसऱ्या कागदानंच परत येतो, आणि त्या दुसऱ्यावर तपासनिसानं लिहून द्यावं लागेल की पहिला खोटा होता. मग तपासनिसांकडे गेले. ते सुपारी कातरत होते. म्हणाले, पोरी, कागदी घोडे कुणाला लाथ मारत नाहीत, जा, पाणी पी. मी रजा मागितली. वर्षाखेरीची कामं आहेत म्हणून मिळाली नाही. न सांगता गेले तर नोकरी कायम व्हायच्या आधीच जाईल. कचेरीतल्या फोनवरून लाँड्रीत फोन लावला. मालकांनी उचलला. मी कचेरीचं नाव सांगितल्यावर फार गोड बोलले, कागद छान आलाय, आभारी आहोत म्हणाले. मी म्हटलं की बॉयलर बंद ठेवा. ते म्हणाले, लेखी पाठवा.

आजी, माझी पाचावर धारण बसली आहे. दुपारी कुठं दार आपटलं तरी पेन हातातून सुटतं. सोबत आईला वेगळं पत्र ठेवलं आहे. त्यात सगळं खरं लिहिलं आहे. तू तिला दे. वाचून झाल्यावर तिनं मला काय म्हणायचं ते म्हणू दे, पण त्या भिंतीला पाठ लावून उभं राहू नको म्हणावं.

तू रागावशील ते रागाव, पण पत्र लिहिणं थांबवू नकोस. टपालवाला दिसला नाही की मला वाटतं आता पत्र नाही, वेगळंच काही येणार.

बोरू

२३ नोव्हेंबर

चि. बोरूस आशीर्वाद.

रागावायला सवड नाही, ते नंतर सावकाश करीन. आधी काय झालं ते वाच.

तुझं पत्र सूनबाईच्या हातात दिलं. तिनं उभ्यानंच वाचलं. मग दिव्याजवळ नेऊन वाचलं. मग घडी घालून माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाली की हे अक्षर माझ्या पोरीचं नाही. बघा सासूबाई, ओळी खाली घसरल्यात, अक्षरं थरथरतात, ळ तर मेलेला पडलाय. तिला वाटतं वाफेमामाच्या घरच्या कुणीतरी नोकरी गेल्याच्या रागानं तुझ्या नावानं लिहिलं. मी म्हटलं, हे पत्र मला आलेल्या पाकिटातून निघालंय. तर म्हणाली, मग पोरीला कुणीतरी धमकावून लिहायला लावलं असेल. आणि ह्यावर शिक्का कुठाय? भिंतीवरच्याला शिक्का आहे.

मी तिला नाही नाही ते बोलले. मूर्ख म्हटलं, आंधळी म्हटलं, तिच्या माहेरपर्यंत जाऊन आले. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, सासूबाई, मी साऱ्या बायकांना माझ्या शब्दावर आत नेलंय, आता कुठल्या तोंडानं सांगू की माझ्या पोरीनं न बघता लिहिलं? मग मला कळलं की अक्षराचं निमित्त आहे. तिला खरं ठाऊक झालंय आणि ती त्याच्याकडं पाठ करून उभी आहे, जशी त्या भिंतीकडं पाठ करून उभी राहते.

दुसऱ्या दिवशी मी पोलीस चौकीत गेले. तिथल्या हवालदाराला सगळं सांगितलं. त्यानं नीट ऐकलं आणि विचारलं की तो खोटा कागद लिहिला कुणी, नाव सांगा. त्यानं पेन उघडलं होतं. एक वाचवायला गेले तर दुसरी आत जाते. मी म्हटलं, विसरले, वय झालंय, आणि बाहेर आले.

त्याच दुपारी रुळाजवळचा एक नळ सांध्यातून सुटला आणि वाफेनं एका बाईचा हात पोळला. फार नाही, पण कातडं आलं सोलून. बायका ओरडत अंगणात आल्या. सगळ्यांनी तुझ्या आईच्या तोंडाकडं पाहिलं. आणि तुझ्या आईनं भिंतीवरच्या तुझ्या कागदाकडं बोट दाखवलं. बायका परत आत गेल्या. पोळलेलीसुद्धा गेली, हाताला फडकं गुंडाळून.

म्हणून मी आता रोज लाँड्रीत जाते. बॉयलरच्या खोलीच्या दारात स्टूल टाकून बसते आणि दवाखान्याच्या कपड्यांची तुटलेली बटणं निवडते. मालक म्हणाला, आजी इथं कशाला. मी म्हटलं, समक्ष पाहणी करते. तो हसला. मी हसले नाही. सूनबाई मला घरी जा म्हणून विनवते. मी म्हणते, कागद खरा आहे ना? मग तुला माझी काळजी कसली? ती दर थोड्या वेळानं रूळ सोडून दाराशी येऊन मला बघून जाते. तिला सुखानं खोटं बोलू द्यायचं नाही असं मी ठरवलंय. मला भीती वाटत नाही असं समजू नकोस. स्टुलाला ती थरथर खालून लागते आणि दातांपर्यंत येते. घरी आल्यावर जेवताना घास हलतोय असं वाटतं.

तिला शिक्का हवाय. तुमच्या त्या राज्यात शिक्का ज्याच्याकडं असेल त्याला सांग की इथं एक म्हातारी बटणं निवडत बसली आहे.

आजी

२६ नोव्हेंबर

ती. आजीस सा. न. वि. वि.

थोडक्यात लिहिते. सोबतचा कागद कचेरीचा आहे. समक्ष पाहणी केलेली नाही, मागील कागद रद्द समजावा, बॉयलर तात्काळ बंद ठेवावा, असा मजकूर आहे. खाली माझी स्वतःची सही आहे आणि शिक्का आहे. हेडक्लार्क जेवायला गेले होते, खण उघडा होता. मला असा कागद काढायचा अधिकार नाही. आमच्या कचेरीतून या वर्षात निघालेला हा एकच कागद खरा आहे आणि तोच बेकायदा आहे.

लिहायच्या आधी हात गार पाण्यात धरून ठेवले, म्हणजे थरथरणार नाहीत. आईला दाखव. अक्षर चांगलं आलं आहे.

पत्र पेटीत टाकून आले आणि हेडक्लार्कना स्वतःच सांगितलं. त्यांनी मला जुन्या फायलींच्या खोलीत बसवलं आहे. मोठे साहेब दौऱ्यावरून येईपर्यंत गाव सोडायचं नाही अशी ताकीद आहे. कुणी माझ्याशी बोलत नाही. मैत्रिणीनंसुद्धा टेबल थोडं पलीकडे सरकवलं आहे. मला त्याचं काही नाही.

तू स्टुलावरून ऊठ आजी. तुझ्या पाया पडते. कागद पोचेपर्यंतचे दिवस मी कसे काढू ते सांग.

बोरू

२ डिसेंबर

चि. बोरूस आजीचे अ. उ. आशीर्वाद.

आम्ही दोघी जिवंत आहोत. हे पहिल्या ओळीत लिहिलं, नाहीतर तू उरलेलं वाचलं नसतंस.

टपालवाल्यानं पाकीट मला स्टुलावरच आणून दिलं. मी तसाच तो कागद रुळांपाशी नेला. सूनबाईनं हात पुसले आणि वाचला. मालक धावत आला. त्यानं भिंतीवरची चौकट काढून आणली आणि दोन्ही कागद इस्त्रीच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. अक्षर एक, शिक्का एक. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की एकाच पोरीनं दोन्ही लिहिलेत, मग आता आईनंच सांगावं, पोरगी खोटारडी आहे ती ह्यात की त्यात. आणि रूळ तसेच फिरत होते, भिंत तशीच थरथरत होती, साऱ्याजणी तिच्याकडं बघत होत्या.

तुझ्या आईनं भिंतीवरच्या कागदावर हात ठेवला आणि म्हणाली, हा. माझ्या पोरीनं हा खोटा लिहिला. मोठ्यानं म्हणाली. मग कुणाचीही वाट न बघता तिनं सगळ्यांना बाहेर काढलं, पोळलेल्या बाईला आधी. मला तर दंडाला धरून ओढलं, दोन दिवस दंड काळानिळा होता. कुणी तिला टोचून बोललं नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, नुसत्या बघत राहिल्या.

दोघीजणी वाफेमामाला घरून घेऊन आल्या. त्यानं आधी झडपेचा तो तुकडा सोडवला, काठीनं, लांब उभा राहून. अशी वाफ सुटली की गल्लीतली कुत्री पळाली. छत्रीवाला केव्हाच पळाला होता. आग ओढून काढली आणि बॉयलर गार व्हायला ठेवला. मालक म्हणत होता, काही निघालं नाही तर एकेकीला बघून घेईन. गार झाल्यावर वाफेमामानं खालचा रंग खरवडला आणि हातोडी मारलीसुद्धा नाही, नुसती टेकवली. ती आरपार गेली. आम्ही सगळ्यांनी त्या भोकातून आत पाहिलं. काळं होतं, बाकी काही नाही. मालकानंही पाहिलं आणि खाली बसला. तुझी आई मात्र त्या भोकापुढून हलेना. जिथं भोक पडलं, तिथून सरळ रेघ ओढली तर ती रुळांपाशी उभ्या राहणाऱ्या ह्या बाईच्या पाठीतून जाते. हे तिनंही मोजलं असणार.

घरी आल्यावर ती बोलत नाही. रडत नाही, जेवते, भांडी घासते, पण बोलत नाही. मी तिच्या मुख्यपणाची दोनदा थट्टा केली. तिसऱ्यांदा करवली नाही. मला वाटलं, तुझ्यावरचा राग आहे, मुरेल आणि जाईल. तो राग नव्हता. काल ती माझ्यापुढं येऊन बसली आणि एकच विचारलं. सासूबाई, त्या दुपारी तिच्या टेबलावर गठ्ठा होता ना?

मी म्हटलं, होता. ती म्हणाली, मग बाकीचे कुठल्या भिंतींवर लागलेत?

बोरू, मी तुझी पत्रं इतक्यांदा वाचली आणि मला हे सुचलं नाही. मी माझी सून बघत होते. आता मला पुन्हा तीच थरथर लागते, घरात बसल्या जागी लागते. तिथंही कुणी सुंदर अक्षर बघून आत जात असेल. त्यांच्या भिंतीला कुणाची तरी आई पाठ लावून उभी असेल, आणि ती तर तुला ओळखतही नाही.

बायका तयार आहेत. तुझ्या आईनं त्यांना विचारलं, आणि आश्चर्य म्हणजे त्या तिच्याशी बोलल्या. लाँड्री बंदच आहे. पत्ते मिळाले तर जोडीजोडीनं गावोगाव जायचं, जाऊन फाटकात बसायचं, असं ठरलंय. पोळलेली म्हणते, मी हात दाखवीन. पण पत्ते नाहीत, तुमच्याकडं आकडे आहेत, आणि आकड्यांची गावं तुझ्या त्या जुन्या फायलींच्या खोलीत आहेत. तुला तिथं शिक्षा म्हणून बसवलंय ना? मग बसल्या जागी काढ. मोठे साहेब यायच्या आधी काढ. नोकरी राहिली तर राहिली. तुला आत घालायला आले तर मी स्टूल घेऊन तिथं येईन, मला सवय झाली आहे.

मी ह्यात फक्त निरोप्या आहे. माया उरली आहे का ते विचारू नकोस, आता कामाचं विचार. आणि ह्या पत्राचं उत्तर मला पाठवायचं नाही. तुझ्या हेडक्लार्कनं नाही, तपासनिसानं नाही, तू लिहायचंस, आणि ते तुझ्या आईला लिहायचंस. अक्षर कसं येईल ते बघत बसू नकोस.

आजी